मशीनच्या विणकामात सुरुवातीचे टाके : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरगुती विणकाम मशीनवर पहिले टाके घालण्याविषयीच आहेत, म्हणून या अंकातील संपूर्ण जागा त्या एकाच विषयाला दिली आहे. हातातल्या सुयांवर टाके घालताना काही चुकले तर ते तिथल्या तिथे दिसते आणि सुधारताही येते. मशीनवर मात्र दीडशे-दोनशे टाक्यांची ओळ कॅरेजच्या, म्हणजे सुयांवरून सरकत विणणाऱ्या भागाच्या, एका फेरीत विणली जाते आणि सुरुवात कच्ची राहिली असेल, तर सगळे विणकाम एकदम सुटून खाली येते. मशीनच्या कंपनीनुसार सुयांच्या जागांची अक्षरे बदलतात. ब्रदरच्या मशीनवर ती ए, बी, डी, ई अशी असतात आणि सिल्व्हर रीडवर ए, बी, सी, डी अशी असतात. त्यामुळे खालील उत्तरांत अक्षरांऐवजी ‘बंद जागा’, ‘कामाची जागा’ आणि सुई पूर्ण बाहेर ओढलेली असते ती ‘पुढची जागा’ असे शब्द वापरले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे साडेचार मिलिमीटर अंतराचे, दोनशे सुयांचे जुने जपानी मशीन आहे. प्रत्येक सुईला लोकरीचा वेढा देऊन मी टाके घालते. पहिल्याच ओळीत काही टाके गळतात आणि जे टिकतात त्यांची कड सैल, लोंबत्या फासांची होते. टेन्शनचा आकडा कमी करूनही फरक पडत नाही. काय चुकत असावे? — वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. आधी गळणाऱ्या टाक्यांचे पाहू.

मशीनच्या सुईच्या टोकाला आकडा असतो आणि त्याच्या मागे उघडझाप करणारी छोटी जीभ, म्हणजे लॅच असते. सुई पुढे येते तेव्हा तिच्यावरचा जुना टाका लॅच उघडून मागे सरकतो आणि सुईच्या दांड्यावर जाऊन बसतो. मग आकड्यात नवी लोकर पडते. सुई मागे जाऊ लागली की तोच जुना टाका मागून लॅच मिटवतो आणि आकड्यावरून घसरून खाली पडतो, आणि आकड्यात नवा टाका उरतो. लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने 19व्या शतकाच्या मध्यास या लॅचच्या सुईचे पेटंट घेतले आणि अमेरिकेत आयझॅक लँबने 1863 मध्ये तीच सुई वापरून सपाट बेडच्या, म्हणजे सुया बसवलेल्या सपाट पाट्याच्या, मशीनचे पेटंट मिळवले. आपल्या घरातले मशीन आजही त्याच तत्त्वावर चालते. या हालचालीत जुना टाका नेहमी लॅचच्या मागे असावा लागतो. टाके घालताना दिलेला वेढा हाच मशीनच्या दृष्टीने पहिला ‘जुना टाका’ असतो, त्यामुळे तो लॅचच्या पुढे, आकड्याच्या भागात राहिला, तर नवी लोकर आणि वेढा दोन्ही आकड्यातच अडकून बसतात. आणि लॅच मिटलेली असेल तर नवी लोकर आकड्यात शिरतच नाही आणि ती सुई रिकामी राहते. आपले टाके गळण्याची पहिली शंका इथे घ्यावी.

म्हणून हव्या तितक्या सुया पुढच्या जागेवर पूर्ण बाहेर ओढाव्यात आणि सगळ्या लॅच उघड्या आहेत याची खात्री करून घ्यावी. सुयांवरून हलक्या हाताने ब्रश फिरवला तरी त्या उघडतात. कॅरेज उजवीकडे असेल तर सुरुवात डाव्या टोकाच्या सुईपासून करावी, म्हणजे शेवटचा वेढा कॅरेजजवळ संपतो आणि लोकर तिथूनच कॅरेजमध्ये घालता येते. पहिल्या सुईवर सरकगाठ अडकवावी. त्यानंतर लोकर पुढच्या सुईखालून उजवीकडे न्यावी, उजव्या बाजूने वर घ्यावी, सुईवरून डावीकडे आणावी आणि पुन्हा त्याच सुईखालून पुढे न्यावी. समोरून पाहिले तर हा वेढा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पडतो. कॅरेज डावीकडे असेल तर सुरुवात उजवीकडून करावी आणि वेढ्याची दिशाही उलटी करावी. वेढे देत असताना दर दहा-बारा सुयांनंतर थांबून बोटाने ते मागे, सुयांमधल्या खुंट्यांना टेकेपर्यंत सरकवत जावे. ही एक सवय अंगी लागली तर आपली निम्मी तक्रार दूर होईल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट खालच्या ओढीची. मशीनवरचा टाका नीट पडण्यासाठी विणकाम खाली ओढलेले असावे लागते आणि पहिल्या ओळीत ओढण्यासारखे विणकामच नसते. त्यामुळे पहिल्या तीन-चार ओळी विणताना प्रत्येक ओळीआधी सगळ्या सुया हाताने पुढच्या जागेवर आणाव्यात, मात्र सुया थांबवून धरणारा खटका बंद ठेवावा, म्हणजे कॅरेज त्या सुया विणून मागे नेईल. सुई पूर्ण बाहेर आली की तिच्यावरचा टाका नक्की लॅचच्या मागे जातो आणि वजनाची गरज बरीच कमी होते. नंतर दोन्ही टोकांना आकड्याची छोटी वजने लावावीत आणि विणकाम वाढेल तशी ती वर सरकवत राहावीत. कॅरेज सावकाश, एका गतीने आणि शेवटच्या सुईच्या पलीकडे पूर्ण जाईपर्यंत न्यावी; मधेच दिशा बदलू नये.

हे सगळे करूनही टाके गळत असतील तर टाके घालण्याच्या पद्धतीला दोष देण्याआधी मशीनची स्पंजपट्टी तपासावी. सुया बेडच्या खाचांत दाबून धरण्यासाठी धातूच्या एका लांब पट्टीत स्पंज बसवलेला असतो. वर्षे गेली की तो चपटा होतो, कधी चिकट होऊन त्याचा चुरा पडतो. मग सुया खाचेत सैल उड्या मारू लागतात आणि कॅरेज वरून गेली तरी काहींच्या आकड्यात लोकर पडत नाही. बेडच्या बाजूने ही पट्टी ओढून बाहेर काढता येते. स्पंज धातूच्या कडेच्या वर स्पष्ट उठलेला दिसत नसेल तर ती बदलावी किंवा तिच्यात नवा स्पंज चिकटवून घ्यावा. परत बसवताना सुया लाकडी फूटपट्टीने खाली दाबून धराव्यात, कारण पट्टी सुयांच्या वरून जायला हवी. ती सुयांखाली शिरली तर मशीन चालणारच नाही. जुने मशीन विकत घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

आता सैल कडेविषयी. टेन्शनचा आकडा कमी करून फरक पडत नाही, कारण डायल सुईला किती मागे ओढायचे तेवढेच ठरवतो. वेढ्यात किती लोकर जाईल हे आपला हात ठरवतो. सुया एकमेकींपासून ठरावीक अंतरावर उभ्या असतात, त्यामुळे वेढा कितीही बेताने दिला तरी दोन सुयांमधल्या अंतराइतकी लोकर त्यात येतेच, आणि तीच पुढे सैल फासांच्या रूपाने दिसते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे एकाआड एक सुईला वेढा देत पुढे जावे आणि परत येताना मधल्या राहिलेल्या सुयांना उलट दिशेने वेढे द्यावेत. यात लोकर दोन्ही दिशांनी जाते आणि कड दाट, भक्कम होते. मात्र सुरुवात आणि शेवट एकाच टोकाला होतो, म्हणून इथे सुरुवातच कॅरेजच्या बाजूने करावी लागते. दुसरा उपाय सोपा आहे : वेढ्यांनंतरच्या पहिल्या दोन ओळी नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंकांनी कमी टेन्शनवर विणाव्यात आणि मग नेहमीच्या आकड्यावर यावे. वेढे घट्ट आवळण्याचा मोह मात्र टाळावा. आवळलेला वेढा सुईवरून सरकत नाही, लॅच वाकते आणि सुई बदलण्याची वेळ येते.

प्रश्न : मी शाळेच्या स्वेटरांच्या ऑर्डरी घेते. मशीन एका बेडचे आहे. खालची बॉर्डर दुमडून शिवते, पण ती जाड होते, ताणली की शिवण तुटते आणि काही धुण्यांनंतर घेर सुटतो. दुसरा बेड घेणे सध्या शक्य नाही. — वाचक, सातारा

उत्तर : एका बेडवर खरी रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रेघांची ताणली जाणारी वीण, कॅरेजने थेट विणता येत नाही हे खरे, पण शिवण न घालता, मशीनवरच दुमडून जोडलेली आणि रिबसारखी दिसणारी बॉर्डर निश्चित करता येते. त्यासाठी सुरुवात बंद कडेने न करता उघड्या टाक्यांनी करावी लागते.

बॉर्डरसाठी एकाआड एक सुई कामाच्या जागेवर आणावी, एकूण संख्या विषम ठेवावी म्हणजे दोन्ही टोकांना सुई कामात राहते. मधल्या सुया बंद जागेवर असाव्यात. कॅरेजमध्ये वेगळ्या रंगाची टाकाऊ लोकर घालून एक ओळ न्यावी. ही ओळ सुयांवर नुसती नागमोडी पडते. तिच्यावरून, सुया आणि खुंट्या यांच्या मधून, मशीनसोबत मिळणारी नायलॉनची दोरी आडवी ठेवावी, तिची दोन्ही टोके एका हातात धरून खाली ताणावीत आणि दुसऱ्या हाताने सहा-आठ ओळी सावकाश विणाव्यात. विणकाम धरल्यासारखे वाटले की दोरी एका बाजूने ओढून काढावी आणि वजने लावावीत. ही सारी लोकर शेवटी निघून जाणार आहे, त्यामुळे तिच्या दिसण्याची काळजी करू नये, मात्र ती मुख्य लोकरीइतकीच जाड आणि गुळगुळीत असावी. केसाळ लोकर घेतली तर तिचे तंतू स्वेटरमध्ये अडकून राहतात. टाकाऊ लोकरीच्या शेवटी हीच नायलॉनची दोरी किंवा गुळगुळीत सुती दोरा घालून एकच ओळ विणावी. ही विभागणीची ओळ. पुढे तिचा एक धागा ओढला की टाकाऊ भाग सबंध सुटून येतो, जशी धान्याच्या पोत्याच्या तोंडाची शिवण एका टोकाने ओढली की भराभर सुटते.

आता खरी लोकर घालावी. अंगाची वीण डायलच्या 7 आकड्यावर असेल तर बॉर्डर 5 वर विणावी. पाच सेंटिमीटर उंचीची बॉर्डर हवी असेल तर तितक्या उंचीच्या ओळी विणाव्यात, मग मोडणीची एक ओळ 9 किंवा 10 वर सैल विणावी आणि पुन्हा 5 वर येऊन तितक्याच ओळी विणाव्यात. आतल्या बाजूची, म्हणजे आधी विणलेली घडी एक-दोन ओळींनी कमी ठेवली तर ती बाहेर डोकावत नाही. मोडणीची सैल ओळ विसरू नये, कारण तिच्यामुळेच बॉर्डर धारेवर सरळ मोडते.

यानंतरचा भाग लक्षपूर्वक करण्यासारखा आहे. बंद ठेवलेल्या मधल्या सुया आता कामाच्या जागेवर आणाव्यात. विणकाम दुमडून वर घ्यावे आणि विभागणीच्या ओळीला लागून असलेले खऱ्या लोकरीचे पहिले फास एकछिद्री हत्याराने एकेक करून उचलून त्या रिकाम्या सुयांवर अडकवावेत. अशा रीतीने एका सुईवर बाहेरच्या घडीचा टाका आणि शेजारच्या सुईवर आतल्या घडीचा टाका येतो आणि सगळ्या सुया भरतात. टोकाला एखादी सुई रिकामी राहिली तर शेजारच्या टाक्याच्या मागचा फास तिच्यावर चढवावा. सगळ्या सुया पुढे ओढून पहिली ओळ जरा सैल विणावी आणि मग 7 वर अंगाची वीण सुरू करावी. जोडणी वीणेतच झाल्यामुळे तुटण्यासारखी शिवणच उरत नाही. बॉर्डर जाडही वाटत नाही, कारण प्रत्येक घडीत निम्म्याच सुया विणलेल्या असतात.

ही बॉर्डर खऱ्या रिबइतकी ताणली जात नाही, हे ऑर्डर घेतानाच लक्षात ठेवावे आणि मनगटाला दोन-तीन टाके जास्त द्यावेत. घेर सुटण्याचे एक कारण मात्र विणकामाच्या बाहेरचे असू शकते. शाळेचे स्वेटर बहुधा कॅशमिलॉनसारख्या ॲक्रिलिक लोकरीचे असतात आणि ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा जोराची वाफ दिली की त्याचा ताठपणा कायमचा जातो. बॉर्डरला इस्त्री लावूच नये आणि ही सूचना गिऱ्हाइकालाही चिठ्ठीवर लिहून द्यावी.

प्रश्न : टाकाऊ लोकरीत एवढी लोकर आणि वेळ घालवणे खरोखरच आवश्यक आहे का? — वाचक, डोंबिवली

उत्तर : कड नंतर उचलायची, जोडायची किंवा तिथून उलट दिशेने विणायची असेल तर आवश्यक आहे. बाळाच्या टोपड्याची मागची बाजू, बाहीचे मनगट, गळपट्टी अशा जागी उघडे टाके मिळाले की काम फार सुबक होते. मात्र लोकर वाया जात नाही, कारण तोच टाकाऊ गोळा पुन्हा गुंडाळून कितीतरी वेळा वापरता येतो. घाई असेल तर क्रोशाच्या सुईने वेगळ्या रंगाची, टाक्यांच्या संख्येपेक्षा थोडी जास्त साखळी विणावी आणि साखळीच्या मागच्या बाजूचे उभार एकेका सुईवर अडकवून थेट खऱ्या लोकरीने विणायला लागावे. साखळी शेवटच्या टोकाकडून उसवली की उघडे टाके हाती येतात. पन्नास-साठ टाक्यांपर्यंत ही रीत सोयीची पडते. त्याहून रुंद कामाला टाकाऊ लोकरच बरी.

प्रश्न : मशीनवर शाली आणि बाळाची पांघरुणे विणते. शेवटची कड साखळीसारखी नीटनेटकी येते, सुरुवातीची मात्र वेगळीच दिसते. दोन्ही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून काय करावे? — वाचक, पुणे

उत्तर : सुरुवातही साखळीनेच करावी. मशीनसोबत लॅच असलेले एक हत्यार मिळते, ज्याने आपण गळलेला टाका वर उचलतो. त्यानेच हे काम होते. सुया पुढच्या जागेवर आणाव्यात, कॅरेज उजवीकडे असेल तर डावीकडून सुरुवात करावी. हत्यारावर सरकगाठ घ्यावी. हत्यार सुयांच्या खाली राहील आणि लोकर डाव्या हातात, सुयांच्या वरच्या बाजूने आडवी धरलेली असेल. पहिल्या सुईच्या उजवीकडच्या फटीतून हत्याराचे टोक वर काढावे, सुईवरून आलेली लोकर त्यात पकडावी आणि खाली ओढून हत्यारावरच्या फासातून पार काढावी. पहिल्या सुईवर लोकरीचा एक पूल आणि तिच्याखाली साखळीचा एक दुवा तयार होतो. मग दुसऱ्या सुईपलीकडच्या फटीतून तेच करावे. शेवटची सुई रिकामी ठेवून हत्यारावरचा उरलेला फास तिच्यावर चढवावा, म्हणजे टाक्यांची संख्या बरोबर येते.

ही कड साखळीने बंद केलेल्या कडेशी तंतोतंत जुळते आणि वेढ्यांच्या कडेसारखी लोंबत नाही. पांघरुणासाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते. ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे टोपी, मोजे किंवा स्वेटरचा गळा यांना वापरू नये. टाके बंद करताना लोकर सुयांमधल्या खुंट्यांभोवती घेत जावी, म्हणजे दोन टाक्यांमध्ये मशीनच्या अंतराइतकी लोकर राहते आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा आखडत नाही. एका बेडवरची साधी वीण मात्र वर-खाली आणि बाजूंनी गुंडाळते. साखळीच्या कडेने ते थांबत नाही, म्हणून पांघरुणाला चहूबाजूंनी क्रोशाची पट्टी लावावी लागेल.

प्रश्न : माझे मशीन दोन बेडचे, लुधियानाचे, हाताने चालवायचे आहे. रिबची सुरुवात केल्यावर कड कधी फुलून लाटेसारखी होते, कधी एकाच बाजूला फास दिसतात. शिकवणाऱ्या ताईंनी ‘गोल फेऱ्या घाला’ एवढेच सांगितले होते. — वाचक, नागपूर

उत्तर : गोल फेऱ्यांचे कारण समजले की दोन्ही दोष आपणच ओळखू शकाल, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आधी मापाविषयी एक खुलासा. जपानी घरगुती मशीनवर दोन सुयांमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात आणि आपल्याकडच्या हातमशीनवर एका इंचात किती सुया आहेत तो आकडा, म्हणजे गेज सांगतात. साडेचार मिलिमीटरचे मशीन म्हणजे इंचाला साधारण साडेपाच सुया, आणि 7 गेजचे मशीन म्हणजे साधारण 3.6 मिलिमीटर. पुस्तकातले टेन्शनचे आकडे दुसऱ्या मशीनचे असतील तर ते जसेच्या तसे उचलू नयेत.

रिबसाठी पहिल्या ओळीत लोकर पुढच्या आणि मागच्या बेडवरच्या सुयांवर आळीपाळीने पडत जाते आणि दोन बेडच्या मधे नागमोडी रेघ तयार होते. या वेळी दोन बेडच्या सुया एकमेकींच्या समोर न येता एकमेकींच्या मधोमध यायला हव्यात, नाहीतर त्या आपटतात. ही ओळ मशीन घेईल तितकी घट्ट विणावी. मग सळई काढून ठेवलेली वजनाची फणी खालून वर आणावी, तिचे दात नागमोडीच्या मधून वर निघाले की त्यांच्यातून सळई ओवावी आणि फणी सोडून वजने दोन्ही बाजूंना सारखी लटकवावीत. इथे लगेच रिब विणायला सुरुवात केली तर पहिल्या ओळीची लोकर उघडी, ताणलेली आणि ओबडधोबड दिसते. तिला झाकण्यासाठी गोल फेऱ्या असतात. त्यांत कॅरेज एका दिशेने जाताना फक्त पुढचा बेड विणतो आणि परत येताना फक्त मागचा. दोन्ही थर तळाशी त्या नागमोडीने जोडलेले असतात, त्यामुळे एक लहानशी नळी तयार होते आणि नागमोडी तिच्या तळाला दडते. त्यानंतर दोन्ही बेड दोन्ही दिशांना विणतील असे खटके फिरवून रिब सुरू करायची.

लाट येते ती या नळीत लोकर जास्त झाल्यामुळे. एक तर गोल फेऱ्या जास्त झालेल्या असतात किंवा त्या रिबच्याच सैल आकड्यावर विणलेल्या असतात. नागमोडी सर्वांत घट्ट, गोल फेऱ्या तिच्यापेक्षा किंचित सैल आणि रिब त्याहून सैल, असा चढता क्रम ठेवावा. फेऱ्या तीनच पुरेत. त्यांत एका बेडवर दोन ओळी पडतात आणि दुसऱ्यावर एक. ज्या बाजूला दोन ओळी पडतात ती दर्शनी बाजू ठेवावी, म्हणजे कडेची रेघ आतल्या अंगाला झुकते.

एकाच बाजूला फास दिसणे म्हणजे त्या बेडच्या सुया एखाद्या फेरीत विणल्याच गेल्या नाहीत. बहुतेक वेळा खटका एका टोकाला फिरवायचा राहिलेला असतो. गोल फेऱ्या चालू असताना प्रत्येक फेरीनंतर वाकून दोन बेडच्या मधे पाहावे आणि दोन्ही बाजूंचे आकडे भरलेले आहेत की नाही ते तपासावे. दुसरे कारण वजनाचे असते. फणी एका बाजूला कलली की हलक्या बाजूचे टाके वर उचलले जातात आणि लॅचवर अडकतात. कामाची रुंदी फणीपेक्षा बरीच कमी असेल तर फणीचा मध्य आणि कामाचा मध्य एकाच रेषेत ठेवावा.

दोन सुलट, दोन उलट अशी रिब हवी असेल तर एक गोष्ट वेगळी करावी लागते. शेजारशेजारच्या दोन सुया एकाच बेडवर असल्या तर लोकर तिथे नागमोडी न पडता सरळ जाते आणि फणी काढल्यावर ती जागा उघडी पडते. म्हणून टाके घालताना बेड सरकवून दोन्ही बेडच्या सुया शक्य तितक्या एकाआड एक येतील अशा ठेवाव्यात आणि गोल फेऱ्या झाल्यावर बेड परत जागेवर सरकवून रिब विणावी.

प्रश्न : इथे साडेसहा मिलिमीटर अंतराचे, दीडशे सुयांचे प्लास्टिक बेडचे मशीन घेतले आहे. त्याला दुसरा बेड मिळत नाही. मुलांच्या टोप्यांना ताणली जाणारी खरी रिब हवी आहे. — वाचक, टोरांटो

उत्तर : खरी रिब हाताने उलटवून करता येते आणि टोपीसारख्या लहान कामाला ते जड जात नाही. सगळ्या सुयांवर वेढ्यांनी टाके घालावेत, पण ते आवळू नयेत, कारण इथे ताण हवा आहे. बॉर्डरच्या सगळ्या ओळी एक-दोन अंक कमी टेन्शनवर साध्या विणाव्यात. मग एकाआड एक टाका, एका वेळी एकच, सुईवरून सोडून खाली उसवत न्यावा. वेढ्याच्या वरची पहिली ओळ आली की थांबावे आणि तिथला फास लॅचच्या हत्यारात धरावा. त्याच्याही खाली उसवले तर वेढा मोकळा होऊन कडेला भोक पडेल. मग मशीनसमोर बसून, आपल्याकडे येणाऱ्या बाजूने, शिडीची एकेक पायरी फासातून ओढत वर यावे आणि शेवटचा फास पुन्हा सुईवर चढवावा. मशीनवर आपल्या समोर विणकामाची उलट बाजू असते, त्यामुळे उचललेला प्रत्येक टाका समोरून सुलट दिसू लागतो आणि खरी रिब तयार होते. टोपी वरच्या टोकाने सुरू करून रिबने संपवण्याचीही रीत आहे. ती निवडली तर सुरुवात टाकाऊ लोकरीवर करावी. विणून झाल्यावर उघड्या टाक्यांतून दोरा ओवून ते एकत्र आवळले की टोपीचा माथा बंद होतो.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवेमुळे लोकरीपेक्षा सुती धाग्याची झबली जास्त मागतात. सुती धाग्याने टाके घातले की मशीन जड चालते, सुया अडतात आणि धागा मधेच तुटतो. — वाचक, रत्नागिरी

उत्तर : सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे सुई मागे जाताना धागा जराही सैलावत नाही आणि सगळा भार आकड्यावर येतो. पहिली ओळ त्याला सर्वांत कठीण जाते, कारण वेढे सुईच्या दांड्याला चिकटून असतात. वेढे लोकरीपेक्षा सैल द्यावेत. हात आपोआप आवळत असेल तर सुईसोबत एक बारीक विणकामाची सुई किंवा सायकलच्या चाकाची सरळ तार आडवी धरून तिच्यासह वेढे द्यावेत आणि विणण्याआधी ती हळूच काढून घ्यावी. पहिली ओळ नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंक सैल विणावी, म्हणजे लोकरीच्या बाबतीत वर नाशिकच्या वाचकांना सांगितले त्याच्या बरोबर उलट. धाग्याचा गोळा आतून उलगडेल असा गुंडाळावा आणि गुंडाळताना धागा मेणाच्या वडीवरून जाऊ द्यावा.

कड साखळीची घालू नये; सुती साखळी दोरीसारखी ताठ होते आणि झबले बाळाच्या डोक्यातून जाताना अडते. माझ्या मते झबल्यांना टाकाऊ लोकरीवरची उघडी सुरुवातच चांगली. टाकाऊ भागासाठी ॲक्रिलिक वापरावे, त्याला ताण असल्यामुळे पहिल्या ओळी सहज पडतात आणि सुती धाग्याला सुरुवातीपासूनच वजन लावलेले, व्यवस्थित विणकाम मिळते. रंग मात्र पांढरा किंवा अगदी फिकट घ्यावा, कारण गडद रंगाचे तंतू पांढऱ्या झबल्यात राहिले तर ते धुऊनही जात नाहीत. झबले मशीनवरून उतरवल्यावर उघडे टाके क्रोशाने, दर टाक्याला एक सैल साखळी घालत बंद करावेत. झबले पूर्ण झाल्यावर पाण्यात भिजवून, पिळून न काढता सपाट वाळवावे आणि त्यानंतरच मापे घ्यावीत, कारण सुती वीण पहिल्या धुण्यात आटते आणि कडेची रुंदी तेव्हाच कळते.